कुंदाची ढाल

कुंदे, इकडे ये. दारात नको थांबू, जवळ ये, माझा डावा कान आता कामातून गेला. काय वो, अशी जातात का? ब्लाऊज अर्धं टाकून? माझ्या जांभळ्या ब्लाऊजची एक बाही लावली अन् दुसरी नुसती टाचण्या मारून ठेवून देली तू. तुझी भाची पिंकी मशीनीखालच्या पिशव्या आवरून राह्यली होती, त्यात भेटलं. "आजी, ये आपका है क्या?" मी म्हटलं, हौ माय, माझंच. एका बाहीचं. आता ते घालू कसं अन् टाकू कसं? तुले काही वाटत नाही का?

दीड महिना झाला तुले जाऊन. पुण्यानुमोदन झालं, लोकं आले, जेवले, रडले, गेले. मी रडली नाही. मले तुझा राग आलता, अन् रागात मले रडू येत नाही, तुले माहीतच आहे. आता राग थोडा उतरला म्हणून लिहायले बसली. मी काही शाळेत गेलेली नाही, पोरांच्या पुस्तकांतून अक्षरं जुळवत जुळवत शिकली. तूच म्हणायची, "वयनी, तुम्ही बोलता तसंच लिहा. पत्राले कोणी मार्क देत नाही." मंग चुकलं तर पाहून घेजो.

पहिले मले एक सांग. तिथं पायऱ्या आहेत का?

हसू नको. खरंच विचारून राह्यली. इतके वर्षं तू मले विचारलं, आता माझी पाळी.

"वयनी, आत काय आहे?" हा तुझा ठरलेला सवाल. बँकेतून येवो, दवाखान्यातून येवो, कोणाच्या लग्नाच्या हॉलमधून येवो, तू आपली तीनचाकी बाहेर लावून बसलेली. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले, हात मात्र मशीन फिरवून फिरवून असे पक्के की हातानं पायडल मारत अर्धं बालाघाट फिरून येशील. पण पायरी आली की गाडी थांबली. मंग मी आत, तू बाहेर. अन् मी बाहेर आली की, "वयनी, आत काय आहे?" मी म्हणायची, काही नाही वो, माणसं आहेत. तू चिडायची. "माणसं तर बाहेर पण आहेत. आतली काय करून राह्यली ते सांगा."

हट्ट्याची बावडी आठवते, ती पायऱ्यांची जुनी विहीर? पाव्हण्यांकडे कार्यक्रम होता, ऑटो करून गेलतो. तू वरच्या काठावर, अन् मले खाली पाठवलं. मी दहा-बारा पायऱ्या उतरली, वर आली, सांगितलं, पाणी आहे. "कसं पाणी?" हिरवं. "खांब किती? खाली थंड लागते का? आवाज येते का?" आता मी काय खांब मोजायले गेलती? परत गेली. परत वर आली तर तुझा नवा सवाल तयार. तिसऱ्या खेपेले मले असा राग आला की खाली उभी राहून मी तुझ्या नावानं ओरडली, "कुंदेऽऽ!" अन् ते दगडाले लागून परत आलं. तू वरून म्हटलं, "हौऽऽ!" ते पण घुमत घुमत खाली आलं, माझ्या अंगावरून गेलं. मी तिथंच पायरीवर बसली अन् हसत सुटली. तू वरून ओरडून राह्यली, "काय झालं? काय आहे? सांगा ना!"

तू नसती तर मी बावडीत एक नजर टाकली असती अन् चहा प्यायले गेली असती. हे मी तुले तवा नाही सांगितलं. मी म्हटलं, गुडघे मोडले माझे तुझ्यापायी.

आता विहाराचं. पावसात आपल्या वार्डात पाणी भरते म्हणून विहाराचा जोता उंच घेतला, पाच पायऱ्या केल्या, अन् सगळ्यांले लय आनंद झाला की आता बुद्धाच्या पायाले पाणी लागणार नाही. तू तिरोडीहून इथं राहायले आली तवा पायऱ्या होत्याच. दर पौर्णिमेले तू अंगणात पिंपळाखाली. वंदना भोंग्यावरून ऐकायची. अन् खीर झाली की पहिली वाटी कोणाले? कुंदाले. मी स्वतः पदर सावरत घेऊन उतरायची. मले वाटायचं, किती मानानं वागवतो आपण हिले! तू वाटी घ्यायची, अन् म्हणायची, "वयनी, खीर चांगली आहे. पण बुद्धाचे डोळे उघडे आहेत का मिटलेले?"

मी म्हणायची, मिटलेले. यशोदाबाई म्हणायची, अर्धे मिटलेले. विहार कमिटीचे अध्यक्ष गुरुजी म्हणायचे, अव बाई, ध्यानमुद्रा आहे, म्हणजे मिटलेलेच. इतके जण आत जाऊन येत अन् कोणाचा एक जबाब नाही. मंग तुझ्या पिंकीनं मोबाइलवर फोटो काढून आणला. तू तो जवळ धरला, दूर धरला, मोठा केला, अन् परत देला. म्हणे, "हा उभ्या माणसानं काढलेला फोटो आहे. मी बसलेली असते. मले बसून काय दिसते ते पाह्यचं आहे."

याच्यावरच आपलं भांडण. माझं म्हणणं साधं होतं. आम्ही चार जण आहो, खुर्चीसकट उचलतो, आत नेतो, पाह्य तुले पाह्यचं तितकं. उचलल्यानं काय झिजते का? माणूस माणसाले उचलणार नाही तर कोण उचलन? अन् तू म्हणायची, "वयनी, धानाचं पोतं पण उचलतात. ते विचारत नाही मले कुठं ठेवता म्हणून. मी विचारते."

"तोंड पाह्य हिचं," मी म्हणायची. "मदत नको, मान पाह्यजे."

"मदतच पाह्यजे. सिमेंटची."

अन् गळ्यातला टेप काढून तू सुरू. तू टेलर, तुले जग मापात दिसायचं. पायरीचं माप घेतलं, सहा इंच. पाच पायऱ्या, तीस इंच. तुझा हिशोब असा, एका इंचाले एक फूट. तीस इंच चढायचं तर तीस फूट उतार. त्याच्याहून कमी केला तर हात पुरत नाहीत, गाडी मागं येते. अंगण किती? बावीस. मी म्हटलं, पाह्य, कपडा कमी पडला. तू म्हणे, "कमी पडला तर दुमडायचा. पंधरा फूट जायचं, सात फुटांच्या ओट्यावर वळायचं, पंधरा फूट परत यायचं." शाळेच्या वहीवर चित्र काढलं. मले ते कोणाच्या झग्याची झालर वाटली.

मंग तू अर्ज लिहिला. हिंदीत, कारण तिरोडीच्या शाळेत तू हिंदीतच शिकलेली. "हमारे विहार में मेरे लिए एक ढाल बनवा दी जाए, तो बड़ी कृपा होगी।" अर्ज गुरुजींकडे पोचवायचं काम माझ्याकडे.

तुझ्या हिंदीत ढाल म्हणजे उतार. गुरुजी भंडाऱ्याकडचे, पक्के मराठी मास्तर. त्यांच्यासाठी ढाल म्हणजे कबड्डी जिंकल्यावर भेटते ती.

मंग पौर्णिमेले अंगणात स्टेज बांधला. भोंग्यावरून तुझं नाव पुकारलं, "आपल्या वार्डाच्या सुप्रसिद्ध शिवणकाम शिक्षिका!" तू पिंपळाखाली अशी गोंधळली. स्टेजले चार पायऱ्या. तू हात हलवून म्हणून राह्यली, नाही नाही, खालीच द्या काय द्यायचं ते. अन् कोणीतरी बाई मागून ओरडली, "अरे पाह्यता काय, उचला तिले!" चौघांनी उचललं. तुझं लुगडं गुडघ्यावर सरकलं, तुझे ते बारीक पाय सगळ्यांनी पाह्यले, जे तू मले पण कधी पाहू देले नव्हते. तू एका हातानं खुर्ची धरून अन् एका हातानं लुगडं. अन् वर गेल्यावर गुरुजींनी तुझ्या हातात लाकडाची, पितळी पट्टीची ढाल देली. पट्टीवर तुझं नाव.

तू ती पाह्यली. गुरुजींकडे पाह्यलं. अन् माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मी ढाल मागितली, तुम्ही ढाल देली. आता हिच्यावरून चढू का?" लोकं समजले कुंदा मजाक करून राह्यली. काय टाळ्या वाजवल्या!

आता खरं सांगते. मागून ओरडली ती बाई मीच होती. ते तुले माहीत होतं, माझा आवाज काय लपते? पण दुसरं तुले माहीत नव्हतं, अन् ते मी दोन वर्षं पोटात ठेवलं. अर्ज वाचून गुरुजींनी मले विचारलं होतं, "ढाल? कायची ढाल मागते ही?" मले पण काही समजलं नाही. पण समजलं नाही असं कबूल करायची लाज. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "गुरुजी, इतक्या पोरींले शिवणं शिकवलं तिनं. तोंडानं कधी काही मागितलं नाही. देऊन टाका ना ढाल!" झालं. ते टेपवालं चित्र अर्जाले लावलेलं होतं, ते आम्ही दोघांनी पाह्यलं अन् ठरवलं की ढालीचं डिझाइन असन. दुमड पाहून गुरुजी म्हणे, "पट्ट्या जरा जास्त सांगितल्या हिनं."

तू मले येऊन एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तू काहून विचारशील? तू तर समजून होती की चूक गुरुजींची. अन् गुरुजी बिचारे, तू नंतर समजावल्यावर तुझ्या दुकानात येऊन हात जोडून गेले, माझं नाव नाही घेतलं त्यांनी. मी पण नाही घेतलं. अन् कमिटीतल्या लोकांच्या मनात बसलं की कुंदाचं काम झालं, आता काय राह्यलं? दोन वर्षं "पाहू, पाहू" यातच गेले. ते दोन वर्षं माझ्याकडे आहेत, कुंदे. कसे परत करू?

पण तू पण काय बाई होती! दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात. मी घाबरली, म्हटलं आता भांडते. तू पिशवीतून ती ढाल काढली, वाकून माझ्या उंबरठ्याले तिरपी लावली, अन् पायडल मारलं. तुझ्या नावावरून तुझं चाक गेलं, खटकन आवाज झाला, अन् तू माझ्या घरात. आजवर तू माझ्या ओसरीपर्यंतच आलेली, माझं घर तू पाह्यलंच नव्हतं! तू सगळीकडे मान फिरवून राह्यली. "वयनी, तुमच्या आलमारीच्या वर किती धूळ असन ते नाही दिसत, पण खालच्या फळीखाली झाडू जात नाही, ते दिसलं." मी म्हटलं, चहा पी अन् चूप बस.

ती ढाल अजून तिथंच आहे. पितळ घासून घासून तुझ्या नावातला "कुं" गेला, आता नुसतं "दा" राह्यलं. माझा गुडघा आता उंबरठ्याले पण कुरकुरते, मी पण ढालीवरूनच जाते.

शेवटच्या दुखण्याचं जास्त लिहित नाही. एकच लिहिते. दवाखान्याची गाडी गल्लीत शिरत नव्हती, तुले खाटेवरून उचलून चौकापर्यंत न्यायचं होतं. सगळे धावले. मी सगळ्यांले थांबवलं. माझ्याच घरातले माझ्यावर ओरडले, "इथं जीव चालला अन् तुम्ही काय करता?" मी वाकून तुझ्या कानात विचारलं, "कुंदे, उचलू का?" तुझे डोळे मिटलेले होते. तू म्हटलं, "हौ." बारीक, पण बावडीतल्यासारखं. मंग उचललं.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा विचारलं. तुले ते ध्यानात आलं का? त्याच्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाही, म्हणून मले माहीत नाही. अन् आपलं भांडण अजून मिटलं नाही हो. मी अजून पण म्हणते, वेळ पडली तर उचललंच पाह्यजे. फक्त आता म्हणते, विचारून. तू याच्यावर काय म्हणाली असती? काहीतरी खवचट नक्कीच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझा फोटो विहारात ठेवला. हार घालून पिंकीनं दोन्ही हातांत धरला अन् पाच पायऱ्या चढली. माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, "फोटो बरा चढला." मले खरंच बोलायचं नव्हतं वो. भोंगा चालू नव्हता तरी सगळ्यांनी ऐकलं. गुरुजी तिथंच पायरीवर बसले. म्हणाले, "अर्ज मी वाचला होता. चूक माझी." मंग मी पण उभी राह्यली अन् सगळ्यांसमोर माझी अर्धी चूक घेतली. तुले सांगायचं होतं ते तुझ्या फोटोसमोर सांगितलं. ते चालते का? तू तर माझ्यावर नाही, कॅमेऱ्यावर चिडलेली दिसते त्यात.

दुसऱ्या हप्त्यात मिस्त्री आला. मी तुझा टेप गळ्यात घालून हजर. तो म्हणे, "बाई, तीस फुट काहे को? आठ फुट में बना देता हूँ, गाड़ी भी चढ़ जाएगी."

"गाड़ी चढ़ेगी, आदमी नहीं चढ़ेगा," मी म्हटलं. "एक इंच को एक फुट. कपड़ा कम पड़े तो मोड़ो."

"कौन सा कपड़ा?"

"तू मोड़ ना बाबा!"

चित्र दाखवलं तुझं. त्यानं ते उलटसुलट करून पाह्यलं. मंग म्हणे, "पर जिसके लिए बन रहा था, वो तो गई ना."   मी लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला त्याले, सुजलेला. "मेरे लिए बना. और वो गुरुजी देख, लकड़ी लेके आ रहे, उनके लिए बना. और तू बूढ़ा नहीं होगा क्या?" तो हसला अन् सूत लावायले बसला.

मंग बायकांत चर्चा. रस्त्यावरचं चाक आत कसं येऊ द्यायचं? चपला तर बाहेर काढतो आपण. मी गुरुजींकडे पाह्यलं. गुरुजी म्हणे, "चाक म्हणजे तिचे पाय. तुम्ही पाय धुऊन येता, तसं चाक धुऊन येईन." आता वरच्या ओट्यावर ओलं पोतं अन् एक बादली राहते. हे तुले पटते का? मले वाटते, तू म्हणाली असती, पोतं रोज कोण बदलन ते पहिले ठरवा.

पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ नव्या उतारावर पाणी मारलं. काल सिमेंटवर झाकलेले पोते काढले. अन् काल दुपारी, कोणी नसताना, मी पिंकीले म्हटलं, तुझ्या मावशीची तीनचाकी आण. "आजी, आप गिर जाओगी." म्हटलं, गिरी तर उठाना, पण पहिले पूछना.

बसली मी. माय माय माय! कुंदे, हे पायडल इतकं जड असते? तू कधी सांगितलं नाही! तू अशी फिरवायची की जशी चरखीवरून दोरी काढून राह्यली. पहिल्या पंधरा फुटांतच माझा श्वास फुलला. वळायच्या ओट्यावर पोचली, अन् तवा समजलं की तो ओटा नुसता वळायले नाही, दम खायले पण आहे. तू चित्रात तिथं एक लहानसा गोल काढला होता, मी समजली मिस्त्रीसाठी काही खूण असन. तो काय होता? पिंपळाची सावली बरोबर तिथं पडते. तू सावलीचं पण माप घेतलं होतं का?

मंग उरलेले पंधरा. वर पोचली, तर दारासमोर चपलांचा ढीग! लोकांनी कधीच्या तिथंच टाकून देलेल्या, कोणाच्या जुन्या, कोणाच्या तुटक्या. इतकं सिमेंट ओतलं अन् रस्ता चपलांनी अडवला. पिंकीनं त्या सारल्या. संध्याकाळी मी सगळ्यांचा उद्धार केला तो वेगळा.

चाकं पुसली. आत गेली. मी या विहारात रोज येते. फुलं ठेवायची तर उभी, वंदनेले खाली बसली तर हात जोडून डोळे बंद. काल पहिल्यांदा मी ना उभी, ना खाली, तुझ्या उंचीवर होती. अन् वर पाह्यलं.

मिटलेले नाहीत, कुंदे. यशोदाबाईचं बरोबर होतं, पण पूर्ण नाही. उभं राहून पापणीच दिसते, म्हणून आम्ही सगळे मिटले म्हणत होतो. तुझ्या जागेवरून पापणीखाली बारीक फट दिसते, अन् त्यातून खाली पाहून राह्यलेत. जिथं तुझी तीनचाकी उभी राह्यली असती, तिथंच. का मले तसं वाटलं? डावा डोळा जास्त उघडा आहे का उजवा? कडेले काही रंग आहे का? मी एका खेपेत इतकंच पाह्यलं. तुले माहीत आहे, माझं सांगणं कच्चं असते. तू असती तर मले परत पाठवलं असतं, अन् मंग तिसऱ्यांदा.

म्हणून मी काय म्हणते, आता तूच ये. या पौर्णिमेले ये. खीर बाहेर आणून देणार नाही मी, सांगून ठेवते. खायची असन तर आत येऊन खाय. चपला हटवलेल्या राहतील, बादलीत पाणी राहीन, ओट्यावर सावली आहेच. तुझ्या गतीनं ये, कोणी हात लावणार नाही, मी पण नाही, तू म्हणशील तरच. अन् येताना सुई-दोरा घेऊन ये, ती दुसरी बाही तशीच टांगलेली आहे. लवकर येजो, कुंदे.